अकोला, व्हाया झाकण

अमरावतीहून अकोल्याला जायला दोन रस्ते आहेत. एक मोठा, बडनेऱ्यावरून जाणारा. त्या रस्त्याने माणसं पोहोचतात. दुसरा दर्यापूरवरून जाणारा. त्या रस्त्याने माझे सासरे जातात.

माझे सासरे अमरावतीच्या कोर्टात उभी हयात वकिली करून निवृत्त झाले. म्हणजे कोर्टात जायचे थांबले. वकिली घरी चालूच आहे. जानेवारीत त्यांचा पुण्याला फोन आला. माझ्या नवऱ्याला नव्हे, मला.

"त्याले पाठवू नको," ते म्हणाले. "त्याले साधी स्कूटर स्टँडवर लावता येत नाई. तू ये. फटफटी अकोल्याले न्याची हाय."

मी कॉलेजपासून मोटारसायकल चालवते. आमच्या घरात ही गोष्ट पाहुण्यांसमोर बोलायची नाही असा संकेत होता. तो बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एका फोनमध्ये मोडला, कारण डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली होती आणि गाडी तर न्यायलाच हवी होती.

गाडी मुळात मालूआत्यांची. मालूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तरुणपणी त्या दर्यापूरला मुलींच्या शाळेत शिकवायच्या आणि ही मोटारसायकल त्यांनी आपल्या पगारातून घेतली होती. पदर खोचून त्या फटफटीवरून शाळेत निघाल्या की अर्धं गाव ओट्यावर येऊन उभं राहायचं म्हणे. पुढे लग्न होऊन त्या अकोल्याला गेल्या आणि गाडी धाकट्या भावाकडे आली. आता त्या अकोल्याचं घर आवरून मुलीकडे हैदराबादला कायमच्या निघाल्या होत्या. शनिवारी संध्याकाळची रेल्वे. जाण्याआधी गाडी एकदा भेटवून आण, एवढंच त्यांनी भावाला सांगितलं होतं. अट एकच.

"टेम्पोत टाकून आनशीन तं मी दार उघडणार नाई. फटफटी आपल्या पायानं येईन तं भेटीन. मले मेलेल्याचं तोंड पाहाची हौस नाई."

शनिवारी सकाळी मी अमरावतीला पोहोचले तेव्हा बाबा अंगणात गाडीभोवती फेऱ्या मारत होते. टाकी नुकतीच रंगवून आली होती. गडद डाळिंबी, वर सोनेरी पट्टा. रंगवणारा पेंटर बाबांचा जुना पक्षकार. त्याने टाकी रंगवून बसवली, बाबांनी गाडी ढकलत पंपावर नेऊन ती तोंडापर्यंत भरून आणली आणि मग पेंटरला वाटलं की झाकण तेवढं उघडंबोडकं दिसतंय. तेव्हा त्याने प्रेमाने झाकणावरही दोन हात मारले, वर चकाकीचा एक. आता झाकण कुठे संपतं आणि टाकी कुठे सुरू होते हे कळायला मार्ग नव्हता. एकत्र कुटुंबासारखं झालं होतं.

मी किल्ली घालून पाहिली. किल्ली अर्धी फिरली. झाकण जागचं हललं नाही.

"बाबा, झाकण अडकलंय."

"कायले उघडाचं? टाकी फुल्ल हाय. अकोल्याले जाऊन वापस येऊ इतकं पेट्रोल हाय." त्यांनी मफलर गुंडाळला. "संसाराचं अन् टाकीचं झाकण गरज नसताना उघडून पाहू नाई."

मी हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांची कवचं चढवली. बाबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "लढाईले चालली काय वं?" असं विचारणाऱ्या बाबांनी स्वतः थंडीसाठी कोर्टाचा काळा कोट घातला होता. मांडीवर गिल्या वड्यांचा (दह्यात मुरवलेले उडदाचे वडे, अमरावतीकर यांच्यासाठी मैत्री तोडतात) स्टीलचा डबा आणि खांद्याला संत्र्यांची पिशवी. अशी आमची वरात निघाली. गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांनी विचारलं, "वकीलसाहेब, सुनेले डायवर ठेवलं काय?" बाबा म्हणाले, "पोराले ठेवलं असतं, पन त्याले येत नाई."

वलगाव मागे पडलं. सकाळच्या गारव्यात काळ्या रानाला हरभऱ्याची हिरवी किनार होती. वाळलेल्या तुरीतून वारा खुळखुळत जात होता आणि कापसाने लादलेल्या बंड्या (बैलगाड्या) रस्त्याच्या मधूनच चालल्या होत्या, कारण रस्ता त्यांचा होता. मला वाटलं, काय सुंदर प्रवास आहे. त्याच क्षणी गाडी दोनदा खाकरली आणि बंद पडली.

ती बंद पडली बरोब्बर एका चहाच्या टपरीसमोर. वऱ्हाडात गाडी नेहमी टपरीसमोरच बंद पडते. किंवा गाडी बंद पडते तिथे टपरी निघते. टपरीवाला कळकट फडक्याला हात पुसत बाहेर आला.

"कुठून?"

"अमरावती," बाबा म्हणाले.

"कुठी?"

"अकोला."

"मंग इकडून काऊन?"

हा प्रश्न बाबांना आवडला नाही. टपरीवाल्याने गाडी हलवून पाहिली. आत पेट्रोल डुचमळलं. "पेट्रोल तं हाय," तो म्हणाला, "पन खाली येऊन नाई राह्यलं. कचरा असन. झाकण उघडून पाहा."

"झाकण उघडत नाई," बाबा म्हणाले.

बाकावर बसलेल्या चौघांनी एकदम पेले खाली ठेवले. वऱ्हाडात कुणाची गाडी बंद पडली तर लोक मदत करतात हे मी ऐकून होते. पण कुणाचं झाकण अडकलं तर लोक हातातला चहा टाकून मदत करतात, हे मला तिथे कळलं. प्रत्येकाने एकदा किल्ली फिरवली. प्रत्येकाने आधीच्याला सांगितलं की तुला जमत नाही. मी पुणेकर असल्यामुळे बाजूला उभी राहून फोनवर झाकण उघडण्याचा व्हिडिओ शोधला. त्यातल्या परदेशी गृहस्थांनी आधी बराच वेळ प्रेक्षकांचे आभार मानले, मग आपली हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली दाखवली. ते झाकणाला हात लावणार एवढ्यात नेटवर्क गेलं.

"गरम पानी," टपरीवाल्याने निकाल दिला. "गरमीनं लोखंड फुगते. फुगलं का सुटते."

त्याने चुलीवरची किटली आणली आणि झाकणावर धार धरली. पाण्यात थोडा चहा असावा. वेलचीचा वास आला. डाळिंबी रंगावर बारीक फोड उठले. बाबांनी डोळे मिटून घेतले. झाकण उघडलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, जरा थांबा, मुरू द्या. त्यावर सगळ्यांना नवा चहा आला, बाबांचं गोत्र-गाव विचारून झालं, त्यांच्या कोणत्या दाव्यात कोणाचा मेव्हणा साक्षीदार होता हे निघालं आणि टपरीवाला म्हणाला, "आता मारा किक."

मी किक मारली. गाडी चालू झाली.

"झालं न!"

"पण झाकण उघडलंच नाही," मी म्हणाले.

"झाकणाचं काय घेऊन बसल्या ताई? गाडी चालू झाली न? गरमीनं आतला कचरा ढिल्ला झाला." चौघांनी माना डोलावल्या. विज्ञानाचा असा विजय पाहून मी हेल्मेट चढवलं.

पुढे रस्ता मोकळा होता. मी वेग वाढवला, आणि वेग वाढवताच गाडी पुन्हा खाकरली. या वेळी एका गावाच्या शिवेवर, मारुतीच्या देवळासमोर. देवळाच्या पायरीवर एक गुरुजी बसले होते. शेजारच्या गावात सत्यनारायण होता आणि ते जीपची वाट पाहत होते. झाकणाची हकिगत त्यांनी डोळे अर्धवट मिटून ऐकली.

"आज वार कोणता?"

"शनिवार," मी म्हणाले.

"लोखंड कोनाचं? शनीचं. तेल कोनाचं? शनीचं. अन् तुमी मारुतीसमोर येऊन थांबल्या. अजून काय सांगावं त्यानं?"

बाबांचा देवावर विश्वास नाही. देवावर म्हणजे पुजाऱ्यांवर. ते म्हणाले, "गुरुजी, तिच्यात कचरा अडकला हाय. त्याचं काई वार-तिथी नसते."

"कचरा तुमी पाह्यला?"

"नाई."

"मंग मारुतीही नाई पाह्यला म्हना, अन् तेल घालून पाहा."

साक्षीदाराकडून असा उलटतपास बाबांनी कधी सोसला नसावा. गुरुजींनी मारुतीच्या पणतीतलं तेल पळीत घेतलं आणि काहीतरी पुटपुटत किल्लीच्या भोकात सोडलं. मधल्या वेळात त्यांची जीप आली, भोंगा वाजवून उभी राहिली. त्यांनी तिला हातानेच जायला सांगितलं. समोर इतका चांगला खटला चालू असताना सत्यनारायण थोडा थांबू शकत होता. किल्ली आता सुळकन फिरायला लागली, पण झाकण होतं तिथेच. बाबा आणि गुरुजी मग शनी, ग्रह आणि महाविद्यालयीन शिक्षणाचा दर्जा यांवर बोलत राहिले. मी संत्री सोलून दोघांना दिली आणि शेवटी कंटाळून किक मारली.

गाडी चालू झाली.

गुरुजींनी मारुतीकडे पाहून मान हलवली, परीक्षेत पास झालेल्या पोराकडे पाहावं तशी.

"तेलानं झालं," बाबा ओरडून म्हणाले, कारण इंजिनाचा आवाज मोठा होता. "मारुतीनं नाई!"

"तेल कोनाचं होतं?" गुरुजी तेवढ्याच मोठ्याने म्हणाले.



दर्यापूरला आम्ही कचोरी खायला थांबणार होतो. गाडीने आमच्या आधीच थांबायचं ठरवलं. बस स्टँडजवळ, भाजीच्या दुकानांच्या रांगेसमोर, दुपारच्या ऐन गर्दीत ती बंद पडली. इथे टपरी नव्हती, बाजार होता. त्यामुळे सल्लागारही बाजाराच्या प्रमाणात जमले. काही मिनिटांतच त्यांचे दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, किल्ली डावीकडे फिरवून झाकण दाबायचं. दुसऱ्याचं, झाकण दाबून किल्ली उजवीकडे फिरवायची. दोन्ही पक्षांनी आळीपाळीने झाकण ताब्यात घेतलं आणि आपल्या कारकिर्दीत काहीच न झाल्याचं खापर आधीच्यांवर फोडलं. एकजण हातोडी घेऊन आला. तो कोणत्याच पक्षाचा नव्हता. बाबा दोन्ही हात पसरून टाकीवर आडवे झाले.

"रंगाले हात लावाल तं याद राखा!"

तेवढ्यात मेथीच्या जुड्यांमागून एक म्हातारी उठून आली. डोईवरचा पदर सावरत तिने गाडीचं हँडल पकडून पाहिलं, सीटखाली वाकून पाहिलं.

"हे मालूबाईची फटफटी होय न?"

बाबा सरळ झाले. "हाव. मी तिचा भाऊ."

"आमी पोट्ट्या मागं धावो हिच्या," म्हातारी म्हणाली. "मले एकडाव बसवलं होतं बाईनं, शाळेपासून थेट नदीलोक. माह्या मायनं मारलं मले, का पडली असती तं लगन कोनं केलं असतं." ती हसली. मग टाकीकडे पाहून तिचं हसू ओसरलं. "पन थे काळी होती न. मालूबाईची काळी होती."

बाबांचा चेहरा पडला. इतकी वर्षं ताडपत्रीखाली गंजून रंग उडालेल्या गाडीचा मूळ रंग त्यांच्याही लक्षात राहिला नव्हता, हे मला त्या चेहऱ्यावर दिसलं. म्हातारीने आम्हाला मेथीच्या दोन जुड्या आणि मूठभर सांबार (कोथिंबीर; मुंबई-पुण्याचं सांबार वेगळं) दिलं, मालूबाईसाठी. ते संत्र्यांच्या पिशवीत गेलं.

नेमका तेव्हाच आत्यांचा फोन आला. आवाज इतका खणखणीत की स्पीकर न लावताही दोन्ही पक्षांना ऐकू आलं.

"कुठी हायेस रे?"

"म्हैसांग सोडलं," बाबा म्हणाले. म्हैसांग तिथून पुष्कळ पुढे, नदीपलीकडे होतं.

"मंग भाजीबाजाराचा आवाज काऊन येऊन राह्यला?"

बाबांनी फोन बंद केला. कुणीतरी सुचवलं, समोरच्या पंपावर न्या, त्यांना झाकणांची सवय असते. आम्ही ढकलत नेली. पंपावरच्या माणसाने पाइप उचलला.

"किती टाकू?"

"टाकायचं नाही. झाकण उघडून द्या," मी म्हणाले.

"झाकण गिऱ्हाइकानं उघडाचं असते मॅडम. आमी फक्त टाकतो." थोडा विचार करून त्याने भर घातली, "कुठच्या पंपावर भरलं होतं? अमरावती? मंग बरोबर. तिकडचं पेट्रोल असंच असते." एवढं बोलून त्याने दोन्ही चाकांत हवा भरून दिली. हवेची कुणी तक्रार केली नव्हती. मी सहज किक मारली आणि गाडी चालू झाली. बाजारातून दोन्ही पक्षांचा जयघोष ऐकू आला. पंपवाल्याने हवेच्या पाइपकडे अभिमानाने पाहिलं.

कचोरी चालत्या गाडीवर खावी लागली. म्हणजे बाबांनी खाल्ली. मला पाठीमागून फक्त वास येत होता आणि "लय मस्त हाय वं" एवढी वार्ता.

दर्यापूरच्या पुढे मुलूख उघडा होत जातो. हा खारपाणपट्टा; जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहिरी विरळ आणि झाडंही तोलूनमापून. पूर्णा नदीचा पूल ओलांडला तेव्हा सूर्य कलायला लागला होता. पूल ओलांडून थोडं पुढे, दोन्ही बाजूंना फक्त काळं रान आणि बांधावर एक बाभूळ अशा जागी गाडी बंद पडली.

आम्ही सवयीने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. टपरी नाही, देऊळ नाही, पक्ष नाहीत. दिवसभरात पहिल्यांदाच आम्हाला सल्ला द्यायला कुणी उरलं नव्हतं. ते जरा भीतिदायकच वाटलं.

बाबा बांधावर बसले. गिल्या वड्यांच्या डब्यातलं दही कोटावर सांडलं होतं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"टेम्पो बोलाव," ते म्हणाले.

"त्या दार उघडणार नाहीत."

"मालूम हाय मले." त्यांनी मान खाली घातली. "मंग तिले स्टेशनवरच भेटू. गाडी राहू दे इथंच. तिचं तोंड तं पाहीन." थोड्या वेळाने म्हणाले, "ते हैदराबादले चालली. आता काय मी जातो तिकडे? अन् ते काय येते?"

मला त्यांच्याकडे पाहवेना, म्हणून मी गाडीकडे पाहिलं. काहीतरी करायचं म्हणून टाकीखालची रबरी नळी खेचून काढली. पेट्रोलची बारीक धार आली, सुताएवढी झाली आणि थांबली. टाकीत इतकं पेट्रोल असताना थांबली. मी बोट खाली धरून वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने टाकीच्या पोटातून 'गुडूक' असा आवाज आला आणि चार थेंब पडले.

"पुन्हा कर," बाबा एकदम म्हणाले. ते उठून जवळ आले होते. मी नळी चिमटीत दाबून पुन्हा सोडली. धार, मग काही नाही, मग 'गुडूक'.

"हे तं तेलाच्या डब्यासारखं होऊन राह्यलं," ते म्हणाले. "डब्याले एक भोक पाडलं तं तेल येत नाई. दुसरं पाडा लागते. हवेले."

आम्ही दोघांनी एकाच वेळी झाकणाकडे पाहिलं. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या गाडीला ते आहे. पण डाळिंबी रंगाचे दोन हात आणि वर चकाकीचा एक, यांखाली ते पार बुजलं होतं. पेट्रोल थोडं खाली यायचं, टाकीत हवा कमी पडायची, आणि टाकी आतूनच सगळं ओढून धरायची, पेट्रोलही आणि झाकणही.

"मग दर वेळी गाडी चालू कशी झाली?" मी स्वतःलाच विचारलं आणि उत्तर सुचलं तेव्हा हसूच आलं. "बाबा, आपण बोलत बसलो की तेवढ्या वेळात थोडी हवा कुठूनतरी आत शिरायची. पाणी नाही, तेल नाही, काही नाही. नुसता वेळ गेला म्हणून."

बाबांनी यावर गंभीरपणे विचार केला. "म्हंजे गप्पांनी चालू झाली गाडी."

"हो."

"मंग वऱ्हाडात कोनतीच गाडी बंद नाई पडाले पाह्यजे."

बाभळीखाली काट्यांचा सडा होता. बाबांनी त्यातून एक लांब, पांढरा, सरळ काटा निवडला, पुराव्यातला कागद निवडावा तसा. झाकणावर बोट फिरवत मी मधोमध एक खळगी शोधली. काटा टेकवून त्यांनी दाबला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि 'स्स्स' असा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. आम्ही दोघंही श्वास रोखून ऐकत होतो.

मग मी नाण्याच्या कडेने झाकणाभोवतीचा रंग कोरला. बाबांनी तळहाताने झाकण दाबून धरलं, मी किल्ली फिरवली. 'टॉक'! डाळिंबी सालीची एक लांब पट्टी कांद्याच्या सालासारखी निघून आली आणि झाकण बाबांच्या हातात आलं.

आत पेट्रोल निवांत चमकत होतं. बाबांनी विहिरीत वाकावं तसं वाकून पाहिलं. कचरा अजिबात नव्हता. त्यांना जरा वाईटच वाटलं असावं.

एवढ्यात दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल आमच्याजवळ थांबली.

"काय झालं काकाजी?"

"झाकण उघडत नव्हतं," बाबा म्हणाले.

दूधवाल्याने टाकीकडे पाहिलं. "उघडंच तं हाय."

"आता उघडलं."

"मंग आता काय प्रॉब्लेम हाय?"

"काईच नाई."

तो थोडा वेळ उभा राहिला, काही निघतंय का पाहिलं आणि निराश होऊन निघून गेला.

अकोल्यापर्यंत गाडी एकदाही खाकरली नाही. आत्यांच्या घरासमोर ऑटो उभा होता आणि त्यात बॅगा चढत होत्या. घराचं दार बंद. मी गाडी दारासमोर नेऊन उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. बाबांनी तशी खूण केली. आतून कुणी काही विचारलं नाही. थोडा वेळ नुसता गाडीचाच आवाज येत राहिला. मग कडी निघाली.

मालूआत्या मी समजत होते त्याहून बुटक्या निघाल्या. एक हात भिंतीवर ठेवून त्या पायऱ्या उतरल्या, आणि त्या पायरी डोळ्यांनी नव्हे तर पायाने शोधत होत्या हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. बाबांच्याही आलं. फोनवर त्यांनी भावाला याबद्दल कधी अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. त्या थेट गाडीपाशी आल्या, हँडलवरून हात नेला, सीटवरून नेला, टाकीवर ठेवला.

"रंग देल्ला काय?"

"हाव," बाबा म्हणाले.

"कोनता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उभी हयात वकिली केलेला माणूस. पण इतका वेळ घेताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"काळाच," ते म्हणाले. "तुह्या वेळचाच."

"हाव न. मले काळीच दिसून राह्यली," आत्या समाधानाने म्हणाल्या. बोटं झाकणापाशी गेली. "अन् हे फोड कायचे?"

"उन्हानं."

"जानेवारीत?"

बाबांनी कोटावरचं वाळलेलं दही पुसायला घेतलं. आत्यांनी प्रश्न वाढवला नाही. त्यांनी पदर खोचला. "थो ऑटोत बसन सामानासंगं. मी हिच्या मागं बसतो."

अकोल्याच्या संध्याकाळच्या गर्दीतून मी मालूआत्यांना स्टेशनवर नेलं. त्यांनी मला धरलं नव्हतं. सीटच्या कडेला एक हात आणि दुसऱ्यात मेथीच्या जुड्या. नजर अधू असली तरी कान शाबूत होते. "गिअर बदल!" त्या ओरडायच्या. "अवो, रडून राह्यली ते, गिअर बदल!" मी बदलला की गाडी खरोखर हलकी व्हायची. चौकातला पोलीस आमच्याकडे बघत राहिला. दर्यापूरच्या म्हातारीची गोष्ट मी वाऱ्यात मान वळवून सांगितली. "नदीपर्यंत नेलं होतं म्हणाली. तिला आईने मारलं." आत्या जोरात हसल्या. "माह्या मायनं मले मारलं होतं त्या दिवशी. तिच्या मायनं येऊन सांगतलं म्हनून."

स्टेशनबाहेर त्यांनी गाडीच्या टाकीवर पुन्हा एकदा हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. भावाला मात्र म्हणाल्या, "डबा दे. दही सांडलं असन तं सांडलं." डबा घेऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या आत गेल्या. त्यांना डब्यात बसवून आम्ही खाली उतरलो. रेल्वे हलली तेव्हा बाबा खिडकीबरोबर चार पावलं चालले, मग उभे राहिले.

रात्री आत्यांच्या शेजाऱ्यांकडे मुक्काम करून रविवारी सकाळी आम्ही परतलो. बाबा स्वतःच म्हणाले, मोठ्या रस्त्याने चल. झाकण नुसतं टेकवलेलं होतं, किल्ली न फिरवता. गाडी कुठेही थांबली नाही. मूर्तिजापूर आलं आणि गेलं. कुणी विचारलं नाही कुठून, कुठी, इकडून काऊन. ट्रक जात होते, ढाब्यांच्या पाट्या जात होत्या, आणि मला दर काही वेळाने वाटत होतं की आता खाकरेल, पण छे. प्रवासवर्णन लिहायला बसले तेव्हा ध्यानात आलं, की या परतीच्या रस्त्याबद्दल माझ्याकडे एका परिच्छेदापेक्षा जास्त काहीच नाही. सुरळीत पोहोचणाऱ्याला घरी आल्यावर सांगायला फार उरत नाही.

अमरावतीला अंगणात गाडी लावली. बाबा कोट न काढताच पायरीवर बसले. ताडपत्री बाजूला घडी करून ठेवली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी हेल्मेटचा पट्टा सोडत होते. ते बराच वेळ टाकीकडे बघत होते, सालटं निघालेल्या, फोड आलेल्या डाळिंबी टाकीकडे.

"काय वं," ते सहज विचारल्यासारखं म्हणाले, "इथून हैदराबाद किती दूर पडते?"

मी पट्टा पुन्हा बांधला.